आकडा

मागणी चौऱ्याऐंशी हजार नऊशेची.
दोन मजले, दोन मीटर, दोन दारं,
वर भाडेकरू, खालचा मजला रिकामा.
गेल ब्रॅनिगन म्हणाली, सोन्यासारखं घर आहे.
गेल नव्वद सालापासून ईरीत घरं विकते
आणि तिच्या गाडीचा एक दिवा फुटलेला आहे.

मी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत बावीस वर्षं
चादरींच्या घड्या घालते.
घडीतलं मला कळतं. घरातलं नाही.
भिंत थापटून पाहिली,
कारण लोकांना थापटताना पाहिलं होतं.
भिंत जे बोलली ते समजल्यासारखी मान हलवली.
नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला.

गेल फोन घ्यायला पोर्चवर गेली
तेव्हा वरचा माणूस जिन्यात आला. सेनाद.
पायांत लोकरी मोजे, हातात कांदा चिरायची सुरी.
त्याला वाटलं, मी खालची जागा
भाड्यानं बघायला आलेय.
मी त्याचा समज मोडला नाही.
हे आधीच सांगून ठेवते.

"घेऊ नका," तो हळूच म्हणाला.
"बॉयलर पहाटे चारला खोकतो.
मागच्या खिडकीवर कॅलेंडर आहे ना,
ते तारखेसाठी नाही, वाऱ्यासाठी आहे.
सहा वर्षं सांगतोय. म्हातारा मालक वारला,
आता मुलाला सांगतोय.
मुलगा फ्लोरिडात. त्याला थंडी समजावायची कशी?"
मग तळघरात नेऊन
भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघा दाखवल्या:
दर एप्रिलचं पाणी कुठवर आलं, खाली साल.
"मुलगी काढते. नऊ वर्षांची आहे.
पाणी तिच्याइतकं भरभर वाढत नाही, तेवढंच बरं."

रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर
त्याचं बोलणं मी वजाबाकीत मांडलं.
बॉयलरचा खोकला, सहा हजार चारशे.
तळघर, चार हजार, कमीत कमी.
खिडकी, नऊशे.
सहा वर्षं ज्याच्या शब्दाला कुणी किंमत दिली नाही
त्याच्या शब्दांची किंमत अकरा हजार तीनशे निघाली,
आणि ती माझ्या खिशात पडणार होती.
वर हिमतीचे म्हणून मी आणखी एकवीसशे कापले.
एकाहत्तर हजार पाचशे.

मग भाड्याचा रकाना.
सेनाद देतो सहाशे चाळीस.
गेलनं शेजारी लिहिलं होतं सातशे पंचवीस
आणि खाली रेघ ओढली होती.
मी ते खोडलं. महिन्याकाठी एकोणीस डॉलर उरले.
पुन्हा लिहिलं.
पुन्हा खोडलं.
कागद तिथं विरला,
जुनी चादर मधोमध विरते तसा.

सही बोटानं करायची होती, काचेवर.
पहिलीतल्या पोरासारखी वाकडी आली.
"एवढं कमी? चिडतील," गेल म्हणाली,
आणि पाठवलं.
वडील गोठलेल्या खाडीत भोक पाडून बसायचे.
आकडा पाण्यात सोडला की बोलायचं नाही, म्हणायचे,
मासा ऐकतो.
मी दोन दिवस बोलले नाही.
पहाटे चारला मात्र डोळे उघडायचे.
आमच्याकडे बॉयलर शांत आहे.

शुक्रवारी, ड्रायरच्या घरघरीत, फोन.
"अठ्ठ्याहत्तर म्हणतात.
तळघरात कधी पाणी आल्याचं त्यांना माहीतच नाही म्हणे."
भिंतीवर लिहिलंय, म्हणणार होते.
ओठांपर्यंत आलं. मग अक्षर आठवलं,
दोनाचा आकडा उलटा काढलेलं.
"मला वास आला होता," मी म्हटलं.
हे दुसरं खोटं.
"पंचाहत्तर म्हण," मी म्हटलं,
"आणि तळघराचं मी बघते."